गुणाबाईच्या नावाची माती

शिवकांताच्या आईचा पत्ता पूर ओसरल्यावर एकोणिसाव्या दिवशी लागला, आणि तोही चहा गाळताना.

ओसरीवर स्वामी येऊन बसले होते. बेलूरवाडी आणि नदीच्या खालच्या अंगाची चार गावं, एवढ्या लिंगायत घरांचं पाळण्यापासून मातीपर्यंतचं सगळं हे एकटे स्वामी बघत. आज ते आले होते शिवकांताच्या सात महिन्यांच्या लेकीला, अक्षराला, नवं लिंग बांधायला. पाचव्या दिवशी बांधलेलं तिचं पहिलं लिंग देव्हाऱ्याबरोबर वाहून गेलं, असं घरात सगळे धरून चालले होते. भिंतींवर पत्र्याला टेकलेली गाळाची रेघ अजून ओली होती आणि ओसरीवरच्या घोंगडीलाही कुबट वास मारत होता. स्वामी त्याच घोंगडीवर मांडी घालून शिवकांताच्या थोरल्या भावाशी, मृत्युंजयशी, बोलत होते.

"काय काय बघायला लागलं ह्या पुरात, अण्णा. तांदळीच्या गुणाबाईची माती मीच केली की. चौथ्या दिवशी सापडली. तोंडावरनं वळखायचं कामच न्हवतं. गळ्यात लिंग होतं म्हणून आपल्यातली, एवढं कळलं. तिचा बसवराज म्हणला, आईच हाय माझी. खड्ड्यात बसवताना लई तरास झाला बघा."

"हाव," मृत्युंजय म्हणाला. त्याचं लक्ष अर्धं मोबाइलमध्ये होतं.

"आन् पदराच्या गाठीत आणखीन एक लिंग. एवढुसं, लेकराचं. हिरव्या खणाच्या तुकड्यात शिवलेलं. मी म्हणलं, बसवराजा, हे रे कुणाचं? तो म्हणला, असंल नातवंडाचं, ठेवा तिच्याच हातात. मग दोन्ही ठेवली तळहातावर आन् लोटली माती."

आत चुलीपाशी शिवकांताच्या हातातली गाळणी तशीच राहिली. चहा कपाच्या काठावरून सांडला, खाली ओट्यावर पसरला, तिच्या पायावर ठिबकला. तिला भाजलेलंही कळलं नाही. तो हिरवा खण तिच्या डोहाळजेवणाच्या ओटीतला होता. तुकडा कापला होता तिनं आणि शिवला होता आईनं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून. "तुमच्या लातूरच्या शिंप्याला जमंल का असं?" म्हणत तिनं दोऱ्याची गाठ दातानं तोडली होती.

म्हणजे आई सापडली होती. पंधरा दिवसांपूर्वीच सापडली होती. सतरा-अठरा किलोमीटरवर, तांदळीच्या कुणा बसवराजच्या शेतात, गुणाबाईच्या नावानं बसली होती.

शिवकांतानं ओरडायला हवं होतं. तसंच धावत ओसरीवर जाऊन स्वामींचे पाय धरायला हवे होते. तिनं सांडलेला चहा पुसला, दुसरा गाळला आणि बाहेर नेऊन दिला. कारण ती बोलली असती तर भावाचा पुढचा प्रश्न तिला पाठ होता. अक्षराचं लिंग आईच्या पदरात गेलं कसं?

*

ती पंचमीला चार दिवस म्हणून लातूरहून माहेरी आली होती. आईनं पोळ्यापर्यंत ठेवून घेतलं. "लेकराला बाळसं धरू दे," म्हणाली, "लातुरात नुसती धूळ खाऊन राहिलंय ते." लातूरवर आईचा जुना राग होता. शिवकांता अकरावीला तिथं होस्टेलवर होती, ते रेल्वेनं पाणी आणायचं साल. पोरींना दिवसाला एक बादली मिळायची. आईला हे कळलं तेव्हापासून दर रविवारी ती गावच्या विहिरीचे दोन कॅन घेऊन एसटीनं यायची. एकदा कंडक्टर म्हणाला होता, "मावशी, पाण्याचं पन तिकीट काढा." आई म्हणाली, "काढते की. पन मग त्याला बसायला जागा द्यावी लागंल, बघा." सगळी गाडी हसली होती. होस्टेलच्या पायरीवर बसून ती लेकीचे केस धुवायची, एका तांब्यात, एक थेंब वाया न घालवता. आणि जाताना रिकामे कॅन छातीशी धरून परत जायची, जसं काही त्यांतही काही उरलं होतं.

त्या बाईला पाण्यानं नेलं.

श्रावणातला शेवटचा सोमवार होता. रात्रभर पाऊस असा पडत होता की पत्र्याखाली एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. जुन्या माणसांनी असा पाऊस आपल्या हयातीत पाहिला नव्हता. ढग फुटणं म्हणजे काय, ते त्यांनी आजवर फक्त बातम्यांत ऐकलं होतं. सकाळी सहाला पाणी उंबऱ्याला लागलं. साडेसहाला आत आलं. मृत्युंजय दोन्ही पोरांना काखेत मारून पुढं निघाला, वहिनी त्याच्या मागं, तिच्या मागं अक्षराला पोटाशी बांधलेली शिवकांता आणि सगळ्यात शेवटी आई. घरापासून शाळा चाळीस पावलं. शाळेला वरचा मजला होता, सगळी गल्ली तिकडंच चढत होती.

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर शिवकांतानं लेकीच्या गळ्याला हात लावला आणि तो मोकळा लागला. अक्षरा सापडेल ते तोंडात घालायची, म्हणून तिचं लिंग पूजा झाली की देव्हाऱ्यातच राहायचं. लेकरू लिंगाशिवाय घराबाहेर पडलं होतं, आणि तेही सोमवारी.

"आई," ती म्हणाली, "अक्षराचं लिंग देव्हाऱ्यातच राहिलं गं."

एवढंच. ती जा म्हणाली नाही. आण म्हणाली नाही. पण ही गोष्ट कुणाला सांगितली तर ऐकणारा काय समजायचं ते समजणारच, हेही तिला ठाऊक होतं. आई हे ऐकल्यावर काय करील, हे सात महिन्यांच्या अक्षरानंसुद्धा सांगितलं असतं.

"असं कसं राहू देतीस गं?" आई म्हणाली. पाणी तिच्या नडगीला होतं. तिनं नेसण वर खोचली. "चढ तू. ही गेले आन् ही आले."

वरच्या मजल्याच्या खिडकीत शिवकांता एकटीच उभी होती. बाकी सगळे पलीकडच्या बाजूला, नदी कुठवर आली ते बघत होते. तिला घराचं दार दिसत होतं. आई दारात आली. पदराला गाठ मारत होती. मारून झाल्यावर तिनं मान वर केली, लेक खिडकीत दिसली, तिनं हात उंचावून हलवला. सापडलं, घेतलं, असा. त्याच वेळी गावाच्या वर पाझर तलावाचा बांध गेला. पाणी गल्लीत उभं राहून आलं, तांबडं, घराएवढं. पुढच्या क्षणी दार नव्हतं, आणि दारात कुणी नव्हतं.

बोटी दुपारी आल्या. संध्याकाळी भावानं विचारलं, "ती मागं गेली कशाला?"

"मला न्हाई माहीत," शिवकांता म्हणाली.

हे तीन शब्द तोंडातून गेले आणि त्यांच्यावर गावानं घर बांधलं. दुसऱ्या दिवशी वहिनी म्हणाली, आत्याबाईंची बोरमाळ डब्यात होती. तिसऱ्या दिवशी गल्ली आईचं नाव घेऊन म्हणाली, रत्नम्मा बोरमाळेसाठी परत फिरली. आठवडा होईतो भेटायला आलेल्या पाहुण्यांना मृत्युंजय स्वतःच सांगू लागला, "काय करता, सोन्याचा लोभ नडला आमच्या आईला." आणि पाहुणे च्‌च्‌ करायचे. आयुष्यभर दोनच लुगडी आलटूनपालटून नेसलेल्या बाईचा लोभ घरोघर झाला. बोरमाळ पुढं गाळ उपसताना डब्यासकट सापडली, तरी कुणी शब्द मागं घेतला नाही. उलट, "बघा, जिच्यासाठी गेली ती हितंच राहिली," असं म्हणायला आणखी एक वाक्य मिळालं. शिवकांता ते प्रत्येक वेळी ऐकत होती, लेकीला पाजत होती आणि मान खाली घालून बसत होती.

*

स्वामी येऊन गेल्यानंतर ती सात दिवस गप्प राहिली. आठव्या दिवशी तिनं भावाला अर्धं सांगितलं. खणाचं सांगितलं, शिलाईचं सांगितलं.

"मग ते पदरात कसं?"

"ठेवायची ती. कधी कधी. बांधून."

मृत्युंजय हाताची नखं बघू लागला. तो वाईट माणूस नव्हता. चार दिवस कमरेएवढ्या गाळात काठी खुपसत हिंडला होता. पण आता तो थकला होता. गणाराधना उरकली होती, गाव जेवलं होतं, फोटोला हार पडला होता.

"कांता, लिंगैक्य झालेल्याला उकरत नसतात. पाप हाय ते."

"उकरू नका. पन नाव तर तिचं लावा. आणि बापूंच्या समाधीशेजारी तिची जागा हाय आपल्या शेतात, तिथली मूठभर माती तरी नेऊन..." तिनं अक्षराला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं. "अण्णा, दुसरीच कुणी म्हणून बसली हाय ती तिथं."

"चल," तो म्हणाला. "एकदा बघून येऊ. मग माझ्या डोक्याला लागू नको."

मोटारसायकलवर, अक्षराला झोळीत बांधून, दोघं तांदळीला गेले. दोन्ही अंगाला सोयाबीन उभ्या उभ्या कुजलेलं. झाडांच्या फांद्यांत अजून चिंध्या अडकलेल्या, पोत्यांच्या, लुगड्यांच्या. शिवकांता प्रत्येक चिंधीचा रंग बघत होती.

बसवराजचं किराणा दुकान रस्त्यालाच होतं. तो मालाला गेला होता, तासाभरात येणार होता. त्याची बायको पुनम, तिशी-पस्तिशीची, तोंडानं तिखट, गल्ल्यावर बसलेली. मृत्युंजय दुकानातच टेकला. शिवकांतानं नुसतं विचारलं, "तुमच्या अत्याची समाधी कुठं हाय? पाया पडून येते."

"दुकानामागंच शेत हाय. जावा. पन मामा असतील तिथं, सासरे माझे. त्येंच्या बोलण्याकडं ध्यान देऊ नका."

बोलणं तिला लांबूनच ऐकू आलं.

"उठ की गं भवाने! म्हैस आटली तुझी. सून चहात पाणी घालून राहिलीय. हितं बसून मजा बघतीस का माझी?"

बांधाच्या कडेला मातीचा उंचवटा होता, वर वाळकी बेलाची पानं. त्याच्यासमोर एक म्हातारा उकिडवा बसलेला. डोळ्यांत फूल पडलेलं, अंगात मळकी बंडी, हातात काठी. हा मलप्पा, बसवराजचा बाप. तो बोलत होता आणि एकेका वाक्याला काठी उंचवट्याच्या माथ्यावर ठोकत होता. ठक्. ठक्.

"पन्नास वर्सं एक काम धड केली न्हाईस. जायचं तर सांगून जायचं. म्हैस सोडाया गेली म्हने. म्हैस मोठी का मी मोठा? बोल की! तोंड शिवलंय का आता?" ठक्.

शिवकांता जागच्या जागी उभी राहिली. लिंगायतांत गेलेल्या माणसाला झोपवत नाहीत, बसवतात. मांडी घालून, पाठ ताठ, तोंड उत्तरेला. डोकं सगळ्यात वर येतं. काठी जिथं पडत होती तिथून खाली हातभर माती, आणि मग आईची टाळू. जिच्यावर आवाज चढवलेला कुणी कधी ऐकला नव्हता, शिवकांताचे वडील, बापूसुद्धा जिला "अहो, जरा ऐकता का" म्हणायचे, ती बाई तिथं रोज शिव्या खात होती. परक्या बाईच्या वाट्याच्या शिव्या.

"कोन हाय?" म्हाताऱ्यानं मान वळवली.

"शरणार्थ, बाबा. बेलूरवाडीची हाय मी."

"शरणार्थ. बस. लेकरू हाय का कडंवर? वास येतोय दुधाचा." त्याचा आवाज एकदम उतरला. "ऐकलंस का गं, गुणा, पावनी आलीय. बेलूरवाडीची. तुझं तर कुनी न्हवतं तिकडं." मग शिवकांताला म्हणाला, "रोज येतो मी. सकाळी येतो, ऊन उतरलं की परत येतो. भांडल्याबिगर जेवन जात न्हाई. सवय हाय दोघांची."

शिवकांतानं अक्षराला खाली ठेवलं. लेकरानं दोन्ही हात मातीत घातले, मूठ भरली आणि नेहमीप्रमाणे तोंडाकडं नेली. शिवकांतानं तिचा हात धरला, बोटं एकेक उलगडली, माती परत उंचवट्यावर टाकली. मग तिला राहवलं नाही. ती वाकली आणि जिथं काठीनं खळगा पडला होता तिथं तळहात ठेवला. ऊन लागून माती कोमट झाली होती.

*

बसवराज आला. चाळिशीचा, गंध लावलेला, नीट बोलणारा. ओसरीवर सतरंजी टाकली, पाणी झालं. मृत्युंजय घसा खाकरून म्हणाला, "माझ्या बहिणीला वाटतंय, तुम्ही मातीला लावली ती आमची आई."

बसवराजच्या चेहऱ्यावरचं काही हललं नाही. "वाटंल की. आई गेलेल्याला सगळीकडंच आई दिसती. पन पंचनामा झालाय, वळख मी दिलीय. तुमच्यापाशी काय हाय?"

"पदरातलं लिंग," शिवकांता म्हणाली. "हिरवा खण. तो मी कापलाय."

"हिरवे खण काय कमी हायेत का, ताई? आन् समजा असंल. तुमच्या लेकराचं लिंग तुमच्या आईच्या पदरात कशापायी असंल? लेकराचं लिंग लेकरापाशी, न्हाईतर देव्हाऱ्यात. तुमचे भाऊ तर आता दुकानात सांगत होते, त्या बोरमाळेसाठी मागं गेल्या होत्या म्हणून."

मृत्युंजयनं बहिणीकडं पाहिलं. बसवराजनं पाहिलं. दाराच्या चौकटीला टेकून पुनम पाहत होती. अक्षरा मांडीवर आईच्या मंगळसूत्राच्या वाट्यांशी खेळत होती.

शिवकांताला वाटलं, अजूनही उठता येईल. चूक झाली म्हणता येईल. भाऊ राहील, दिवाळीला साडी येईल, लेकीला मामाचं घर राहील. फक्त आई तेवढी गुणाबाई होऊन बसेल, आणि लोभापायी मेलेली बाई म्हणून फोटोत लटकेल.

"बोरमाळेसाठी न्हाई गेली ती," ती म्हणाली. "मी म्हणाले तिला. जिन्यात. अक्षराचं लिंग राहिलं म्हणून. ती ते आणायला गेली. दारात येऊन तिनं ते पदराला बांधलं, मी वरनं बघत होते. मला हात केला तिनं. मग पाणी आलं."

 दुकानातला फ्रीज घरघरत होता.

"सत्तावीस दिवस," मृत्युंजय म्हणाला. आवाज बारीक होता, जवळजवळ मऊ. "आन् मी लोकांना सांगून राहिलो, आई सोन्यापायी गेली. तुझ्यासमोर. तू बसून ऐकत होतीस."

"अण्णा..."

"पाण्यात धाडलीस तिला, आन् वर खिडकीत जाऊन उभी राहिलीस."

"अहो," पुनम मध्येच नवऱ्याला म्हणाली, "आता तुमी बी सांगा की. ह्या ताईंनी सांगितलं तसं. अत्याच्या दोन्ही हातांवर गोंदण होतं, कोपरापतूर. आपण धुतलं त्या बाईच्या हातावर होतं का एक तरी ठिपका?"

बसवराजनं तिच्याकडं असं बघितलं की दुसरी एखादी आत पळाली असती. ती पळाली नाही. मग तो गुडघ्यांवर हात ठेवून जमिनीशी बोलल्यासारखं म्हणाला, "चौथा दिवस होता. बापानं तीन दिवस अन्नाला शिवलं न्हवतं. गुणा आण, गुणा आण, एवढंच. नदीनं एक बाई दिली. आपल्यातलीच होती, लिंग होतं गळ्यात. वाऱ्यावर तर टाकली न्हाई ना मी? आईसारखी धुतली, बसवली, भस्म लावलं. तुमच्या हातनं ह्याच्यापेक्षा काय येगळं झालं असतं?"

 त्यानं खरंच सगळं केलं होतं. फक्त नाव बदललं होतं.

"उकरायचं म्हणत असाल तर मी न्हाई म्हणनार," बसवराज पुढं म्हणाला. "तहसीलला अर्ज करा. माणसं आणा. बसलेल्या शिवाला बाहेर काढा. पाप तुमच्या माथी."

"मला काय काढायचं न्हाई," मृत्युंजय उठला. त्यानं पायांत चपला सरकवल्या. "माझी आई त्या सोमवारीच गेली. हिला काय करायचं ते हिचं हिला करू द्या." शिवकांताकडं न बघता तो म्हणाला, "चारला मुखेडची गाडी हाय. तिथनं उदगीर, लातूर. बेलूरवाडीला येऊ नको. कपडे पाठवून देतो."

मोटारसायकलचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला. अक्षरा त्या दिशेला हात करून "मा... मा..." करत राहिली. हा तिचा नुकताच शिकलेला आवाज होता, घरातले सगळे हसून म्हणायचे, बघा, मामालाच हाक मारते.

*

पुनमनं ताटात भाकरी-पिठलं आणून ठेवलं. "खावा. पाजायचंय तुमाला." शिवकांतानं घास मोडला आणि तसाच धरून बसली.

तेव्हा तिला ओसरीच्या टोकाला मलप्पा दिसला. शेताकडून भिंतीला धरून तो कधी आला होता, कुणाला कळलं नव्हतं. किती ऐकलं होतं तेही कळत नव्हतं. डोळे नसलेलं माणूस कानांनी जगतं, म्हणजे सगळंच ऐकलं असणार.

"मामा, हितं बसा," पुनम लगबगीनं म्हणाली.

तो बसला नाही. "ती बेलूरवाडीची कुठं हाय?"

"हितंच हाय, बाबा." शिवकांतानं ताट बाजूला सारलं. तिला वाटलं, म्हातारा आता डोक्यावर हात ठेवील. आई गेलेली लेक आहे, लेकरू कडेवर आहे, भाऊ टाकून गेलाय. ती थोडी पुढंही सरकली.

"मी वळखलं असतं," मलप्पा म्हणाला. "तेवीस दिवस भांडून राहिलो तिच्याशी. एकदा बी उलटून बोलली न्हाई. मला वाटलं, मेल्यावर शानी झाली. आता कळलं, माझी न्हवतीच ती." त्याच्या पांढऱ्या डोळ्यांतून पाणी आलं नाही, नाकातून आलं. ते त्यानं बंडीच्या बाहीला पुसलं. "माझी अजून तिकडंच हाय. झाडाबिडाला अडकून असंल कुठं, माशे खात असतील. तू आलीस, पोरी, आन् मातीत बसलेली माझी बायको उचलून परत पाण्यात टाकलीस."

"बाबा, मला माझी आई..."

"भेटली न्हवं? जा मग."

चारची गाडी पावणेपाचला आली. शिवकांता त्याआधी एकदा शेतात जाऊन आली. तिनं वाळकी पानं काढली, जवळच्या झाडाची ताजी बेलाची पानं ठेवली, आणि उंचवट्याशी बसून अक्षराला पाजलं. आईला सांगायचं खूप होतं. बोरमाळ सापडल्याचं, अण्णाचं, अक्षराच्या खालच्या हिरडीत दात टोचायला लागल्याचं. सांगता आलं फक्त दाताचं.

*

लातूरला आल्यावर ती दर आठवड्याला पुनमला फोन करू लागली. नंबर तिनं निघताना घेतला होता. भाऊ फोन उचलत नव्हता. कपड्यांची पिशवी मात्र त्यानं एसटीच्या पार्सलनं वेळेवर पाठवली होती. घड्या वहिनीच्या, वरची गाठ त्याची. फोटोच्या हाराखाली आता तो पाहुण्यांना काय सांगतो, ते तिला पाहुण्यांकडूनच कळत होतं. आईचा लोभ गेला होता. त्या जागी लेक आली होती.

पहिल्या आठवड्यात पुनम म्हणाली, "मामा तिकडं जात न्हाईत आता. नदीकडं तोंड करून ओसरीवर बसतात."

दुसऱ्या आठवड्यात म्हणाली, "मी टाकलं होतं तांब्याभर पानी सोमवारी. रोज न्हाई हो जमत, दुकान असतं."

मग दिवाळीच्या आधी एकदा फोन लागला तेव्हा मागं ट्रॅक्टरचा आवाज होता.

"ज्वारीची पेरणी चालू हाय," पुनम ओरडून बोलत होती. "आमचे म्हणतात, आता ती जागा मोकळी ठेवून काय करायची. आपलं मानूस असतं तर चौथरा बांधला असता. मी म्हणलं, चार हात तरी सोडा. सोडतील. पन नांगर वळताना लागतोच हो, ताई, ट्रॅक्टरवाल्याला काय कळतंय?"

"मी येते," शिवकांता म्हणाली. "मी येऊन दगड लावते. नाव लिहून आणते. त्यांना म्हणावं, तेवढं थांबा."

"कधी येताय?"

शिवकांतानं पलंगाकडं पाहिलं. अक्षराला कालपासून ताप होता. नवऱ्याला, रविकिरणला, रविवारशिवाय सुट्टी नव्हती, आणि तिथं कशाला जायचं म्हणून त्यानं दोनदा विचारून झालं होतं. सासूबाई म्हणाल्या होत्या, एवढुशा लेकराला घेऊन मसणात फिरू नये.

"येते," ती परत म्हणाली. "रविवारी. न्हाईतर त्याच्या पुढच्या."

"बघा," पुनम म्हणाली. "पावसाचं पन सांगून राहिलेत परत. ओली माती हाय ताई, दगड नसला तर बसती ती." आणि ट्रॅक्टर जवळ आल्यामुळं पुढचं काही ऐकू आलं नाही.

शिवकांतानं फोन ठेवला. बादलीतल्या पाण्यात पंचा बुडवून पिळला आणि लेकीच्या तापलेल्या कपाळावर ठेवला. पाणी कानामागून गळ्यात ओघळलं. अक्षरानं डोळे न उघडता तोंड वाकडं केलं. शिवकांतानं तो ओघळ बोटानं अडवला, पुसला, आणि पंचा परत बुडवला.